मीकातनंतर गाडी हळू चालव

हिजरी सन चौदाशे पस्तीसच्या रजब महिन्यात, म्हणजे इसवी सन दोन हजार चौदाच्या मे महिन्यात, एका गुरुवारी दुपारी उशिरा, असरच्या नमाजानंतर, ताईफच्या पुढे सैल-अल-कबीर येथील मीकातच्या मशिदीच्या आवारात मी, हिदायतुल्ला दाऊद परकार, मूळ राहणार तालुका दापोली, हल्ली मुक्काम रियाध, दोन बिनशिवणीच्या पांढऱ्या चादरी अंगाला गुंडाळून उमऱ्याची, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेची, नियत केली, आणि त्या संकल्पासरशी भांडण्याचा हक्क आपखुशीने सोडला.

मीकात म्हणजे मक्केच्या यात्रेकरूने जिथे एहराम, म्हणजे यात्रेचा वेश आणि त्याबरोबरची बंधने, बांधायचा ती हद्द. ती ओलांडली की अत्तर नाही, नखे कापणे नाही, शिकार नाही. आणि माझ्या मते, जे मत मी त्याआधीच्या शुक्रवारी भर पंगतीत सिद्ध केले होते, भांडणही नाही. मी शिकार कधी केली नव्हती आणि अत्तर मला सोसत नाही. सोडण्यासारखे माझ्याजवळ एवढे एकच होते.

"झाली नियत?" गाडीच्या दारातून माझ्या आईने, आम्माने, विचारले.

"झाली."

"पक्की?"

"नियत कच्ची नसते, आम्मा."

"म्हणजे आता उमरा पुरा होईस्तोवर भांडायचं नाही."

"नाही."

"आवाज चढवायचा नाही. उलट उत्तर द्यायचं नाही."

"नाही."

"आणि तोंड वाकडं करणं?"

"त्याबद्दल स्पष्ट आदेश नाही."

"मग तेवढं कर हवं तर," ती म्हणाली, पुढच्या सीटवर नीट मांडी घालून बसली आणि पदर सारखा करीत म्हणाली, "आणि आता गाडी हळू चालव."

ही शेवटची सूचना मला चमत्कारिक वाटली. पहाटे फजरनंतर रियाध सोडल्यापासून याच बाईने मला घटकाभर स्वस्थ बसू दिले नव्हते. एखादा ट्रक पुढे गेला की ती म्हणे, "बघ, तो कांदे घेऊन चाललाय तरी पुढं गेला." पेट्रोल पंपावर चहा घ्यायला थांबलो तर ती गाडीतून उतरलीसुद्धा नाही. सबंध वाळवंट तिने माझ्याकडून एका दमात पार करवून घेतले, आणि आता उताराचा, घाटाचा, जेमतेम तासाभराचा रस्ता उरला असताना तिला हळू जायचे होते. एरवी या विसंगतीवर मी निदान मक्केच्या वेशीपर्यंत पुरेल एवढे बोललो असतो. पण नियत झाली होती. मी वेग कमी केला.

मागच्या सीटवर माझी पत्नी सफुरा आणि माझी धाकटी बहीण तसनीम बसल्या होत्या. तसनीम त्या वेळी तिशीची, रियाधच्या एका भारतीय शाळेत गणित शिकवणारी, आमच्याच घरी राहणारी. वडील वारले तेव्हा ती दहावीत होती. त्यांच्या पश्चात मी तिचा वली, म्हणजे निकाहाला संमती देणारा पालक. आम्ही कोकणातले शाफई पंथाचे, आणि आमच्यात वलीच्या होकारावाचून मुलीचा निकाह होत नाही. मुबीन हुरजुक नावाच्या, जेद्दाच्या एका गोदामात काम करणाऱ्या, श्रीवर्धनकडच्या तरुणाशी तिला निकाह करायचा होता. तिची इच्छा होती, त्याची होती, दोन्ही घरांची होती. गेली दोन वर्षे फक्त माझा होकार अडला होता.

मी एका बांधकाम कंपनीत नकाशे तपासण्याचे काम करीत असे. कोणी काढलेल्या नकाशात चूक शोधणे हा माझा धंदा, आणि ती सापडेपर्यंत जागचे न हलणे हा स्वभाव. मुबीनलाही मी त्याच निष्ठेने तपासले होते.

त्याआधीच्या शुक्रवारी तो कामानिमित्त रियाधला आला आणि आम्माने त्याला जेवायला बोलावले. मी हरकत घेणार होतो. पण तो जेद्दाहून बर्फात घातलेली मासळी घेऊन आला होता, आणि समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या कोकण्याची मासळीपुढे हरकत टिकत नाही. जेवताना आमच्या उमऱ्याचा विषय निघाला. एहरामात काय वर्ज्य हे मी सांगत होतो. मुबीन नेहमी मान खाली घालून जेवणारा, त्या दिवशी हळूच म्हणाला, "हिदायतभाई, भांडणाची मनाई कुरआनात हजच्या संदर्भात आली आहे. त्या आयतीत उमऱ्याचं नाव नाही."

मी हातातला घास ताटात ठेवला.

त्यानंतर मी काय बोललो ते सगळे इथे देत नाही. देता आले असते. एहराम एकच, तेव्हा त्याचा हुकूमही एकच, हे मी मासळीपासून शेवयांपर्यंत निरनिराळ्या बाजूंनी मांडले. उमऱ्यात भांडणाऱ्याने आपला उमरा आपल्याच हाताने फिका केला, असे मी म्हणालो. मी स्वतः मीकातपासून केस उतरवेपर्यंत कोणाला उलट शब्द बोलणार नाही, असेही म्हणालो. आम्मा, सफुरा आणि तसनीम तिघी इतक्या एकाग्रतेने ऐकत होत्या की मला माझ्या विवेचनाचे समाधान वाटले. शेवटी मुबीन म्हणाला, "बरं, हिदायतभाई."

तो गेल्यावर मी तसनीमला म्हणालो, "पाहिलंस? या माणसाला स्वतःचं मत नाही. इतक्या लवकर गप्प होणाऱ्याच्या हातात तुला कसं देऊ?"

"बरं, भाई," ती म्हणाली. तिनेही वाद घातला नाही, याचेच मला आश्चर्य वाटायला हवे होते.

तर आता सैल-अल-कबीर मागे पडले होते आणि दोन्ही बाजूंना उन्हाने करपलेले काळे डोंगर होते. थोडा वेळ आम्ही सगळे तलबिया म्हणत होतो. लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक. हजर आहे, परवरदिगार, मी हजर आहे. मग आम्मा थांबली, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "एका गावात एक भाऊ होता."

आम्माची बोली कोकणी मुसलमानांची आहे. तिला येथे मी थोडी शिस्त लावली आहे, याबद्दल ती मला अजून बोल लावते.

"नाव काय त्याचं?" मागून तसनीमने विचारले.

"नाव नको. माणसामागं नाव घेऊन बोललं की गीबत होते. आपण एहरामात आहोत."

"तो मागे नाही, पुढे आहे," सफुरा म्हणाली.

"तू ऐक, बाई. त्या भावाला एक बहीण. बाप गेला, भावानं तिला शिकवली. चांगलं केलं, कोण नाही म्हणतं? इकडं आणली, शाळेत लावली. मग एक मुलगा आला."

"आम्मा," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो, "एहरामात निकाहाची बोलणी करू नयेत. आपल्या मजहबात वली एहरामात असला तर त्याला निकाह लावूनही देता येत नाही."

"बोलणी कोण करतंय? मी गोष्ट सांगतेय."

"गोष्टीतल्या भावानं एहराम बांधलेला नाही, भाई," तसनीम म्हणाली. "त्याला चालतं."

युक्तिवाद बिनतोड होता. उत्तर माझ्याजवळ होते, पण ते दिले असते तर ते भांडण झाले असते. मी तलबिया म्हणू लागलो.

"मोठ्यानं म्हण," आम्मा म्हणाली. "पुरुषांनी मोठ्यानंच म्हणायची असते. तू थांबलास की मी पुढचं सांगते."

मी बराच वेळ म्हटली. अखेर श्वास घ्यायला थांबलो.

"हां. तर भाऊ म्हणाला, घराणं बघायला हवं. घराणं बघितलं, चांगलं निघालं. मग म्हणाला, नोकरी हलकी. पोरगा गोदामाचा मॅनेजर झाला. मग म्हणाला, उंची कमी."

"ते कसं कळलं त्याला?" सफुरा म्हणाली. तिला चांगले ठाऊक होते.

"फोटोवरून! मुलगा दारात उभा होता. यानं पट्टी घेतली, दाराची चौकट मोजली, आणि दार अमुक उंचीचं असतं म्हणजे मुलगा तमुक, असा हिशेब काढला."

"आणि मग?" तसनीमचा आवाज हसू दाबल्यामुळे बारीक झाला होता.

"मग काय, ते बाथरूमचं दार निघालं. त्यांच्या सोसायटीत बाथरूमची दारं ठेंगणी."

मागे दोघी जणी ओढण्या तोंडात कोंबून हसत होत्या. बाथरूमचे दार ठेंगणे असल्याचे कोणतेही चिन्ह त्या फोटोत नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या दिवशी मात्र मी स्टिअरिंग घट्ट धरले आणि तोंड वाकडे केले. तेवढी मुभा मला मिळाली होती.

"अहो, मागच्या गाड्या हॉर्न देतायत," सफुरा म्हणाली.

"देऊ देत," आम्मा म्हणाली. "त्यांनाही एहरामात रागवायचं नाही."

मक्केकडून येणारा गरम वारा काचेवर आपटत होता. एका पांढऱ्या बसमधले सगळे प्रवासी आमच्याकडे वाकून पाहत पुढे गेले. आम्मा पुन्हा बोलू लागली तेव्हा तिचा सूर बदललेला होता. ती आता गोष्ट मागच्या दोघींना नव्हे, समोरच्या रस्त्याला सांगत होती.

"लोकांना वाटायचं, भाऊ हट्टी आहे. मलाही वाटायचं. पण मी त्याच्या घरी येऊन राहिले आणि बघितलं. संध्याकाळी तो कामावरून येतो. चहा घेतो. आणि बहिणीशी वाद घालतो. मीठ समुद्राचं बरं की खाणीचं. पेपरातली बातमी खरी की खोटी. त्यानं लिहिलेल्या पत्रातलं एक वाक्य तिनं खोडलं म्हणून रात्रीच्या इशापर्यंत वाद. तासभर तो तिच्याशी बोलतो आणि मग त्याचा चेहरा माणसासारखा होतो."

आम्माने पदर पुन्हा सारखा केला.

"बायको वाद घालत नाही त्याच्याशी."

"मी ऐकते आणि सोडून देते," सफुरा म्हणाली.

"आई एरवी गावाला. ऑफिसात साहेबाशी तोंड उघडायची सोय नाही. राहिली एक बहीण. ती गेली तर त्या घरात त्याला 'तुझं चुकलं' म्हणणारं कोणी उरत नाही. खोट मुलात नव्हतीच. बहीण गेल्यावर संध्याकाळचं काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं. म्हणून दोन वर्षं तो मुलाला मापत बसला."

तसनीमने विचारले, "मग पुढे काय झालं, आम्मा?"

"पुढचं मला ठाऊक नाही," आम्मा म्हणाली. "हिदायत, आता जरा जोरात चालव. मगरिब गाठायची आहे."

मी काही बोललो नाही. सुरुवातीला बोलता येत नव्हते म्हणून बोललो नाही. नंतर बोलता आले असते तरी काय बोलावे ते सुचले नसते. माझ्या आयुष्यात एखादे विधान मी पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता, ऐकून घेतल्याचा तो पहिला प्रसंग असावा.

मक्केत पोहोचलो, नमाज झाला, काब्याभोवती तवाफाच्या सात फेऱ्या घातल्या. गर्दीत चुकू नये म्हणून आम्माने माझ्या वरच्या चादरीचे टोक मुठीत धरले होते, आणि गर्दीचा लोंढा आला की ती ते असे ओढी की सर्व वेळ माझे अर्धे चित्त अल्लाहकडे आणि अर्धे चादरीकडे होते. तसनीम माझ्या पुढे चालत होती. काबा प्रथम नजरेस पडला तेव्हाच तिने हात उचलले आणि ओठ हलू लागले. काय मागते आहे ते विचारण्याची गरज नव्हती. आणि जो अडवून बसला होता तो तिच्या मागे चार हातांवर चादर सावरीत उभा होता.

सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्यांत मी उत्तर रचायला घेतले. केस उतरले की एहराम संपतो, एहराम संपला की बंदी उठते. तेव्हा आम्माच्या गोष्टीतील एकेका विधानाचा समाचार घ्यायचा, असे मी ठरवले. मुद्दे येत होते. पण मुद्दा जमत आला की मध्येच तो चहाचा पेला घेऊन बसलेला, बहिणीची वाट पाहणारा भाऊ आडवा येई, आणि पुढचे वाक्य मोडे.

बाहेर पडल्यावर न्हाव्याकडे गेलो. त्याने माझे डोके तुळतुळीत केले आणि आरसा दाखवला. मी मुक्त झालो होतो. हॉटेलच्या खोलीकडे जाताना जिन्यातच घसा साफ केला.

खोलीत दस्तरखान अंथरलेले होते. सफुराने आम्माच्या आणि तसनीमच्या केसांची बट कापून त्यांनाही एहरामातून मोकळे केले होते, आणि तसनीमने सफुराला. दस्तरखानाच्या कडेला, समोर डबे मांडून, मुबीन हुरजुक बसला होता.

"उमरा मुबारक, हिदायतभाई," तो उठून म्हणाला. "जेद्दाहून जेवण आणलंय. घरचं आहे."

तसनीमने माझ्या डोक्याकडे पाहिले. "भाई, आता डोक्यातले मुद्दे बाहेरूनही दिसतात."

"दिसू देत," मी म्हणालो. "आम्मा, गोष्टीतल्या दरवाजाबद्दल पहिला मुद्दा असा—"

"हिदायतभाई, माफ करा," मुबीन म्हणाला. "त्याआधी माझं एक होतं. आठवडाभर राहवलं नाही. त्या शुक्रवारचं तुमचं म्हणणं मला चुकीचं वाटतं."

मी खाली बसलो.

"कुठे चुकीचं?"

"त्या आयतीत आधी हजचे ठरलेले महिने सांगितलेत, मग मनाई आली आहे. उमऱ्याला ठरलेला महिना नाही. तुम्ही म्हणालात, एहराम एक म्हणून हुकूम एक. मग हाजी जातात तसे उमऱ्यात अराफातच्या मैदानात का जात नाहीत? एहराम तर तोच."

"अराफात हा हजच्या विधीचा भाग. न भांडणं ही एहरामाची अदब."

"अदब म्हणत असाल तर मी एका शब्दानं भांडणार नाही. भांडण वाईटच, एहरामात जास्त वाईट. पण त्या दिवशी तुम्ही अदब म्हणाला नाहीत. हुकूम म्हणालात. अदब आणि हुकूम एक नव्हेत. तुमच्यासारख्या माणसानं ते एका ओळीत बसवावेत?"

मी त्याच्याकडे पाहिले. त्याचे कान लाल झाले होते, पण नजर खाली नव्हती. त्या दिवशी मी हुकूमच म्हणालो होतो. नकाशात इतकी ढळढळीत चूक मी कोणाला सोडली नसती. मी वेगळ्या बाजूने गेलो; तो तिथे आधीच उभा होता. मी उदाहरण दिले. त्याने ते उलटे करून परत दिले. मध्ये केव्हा तरी मी मांडी बदलली, पुढे सरकलो आणि, सफुरा नंतर सांगते त्याप्रमाणे, हसूही लागलो. डब्यांची झाकणे कोणी उघडली नव्हती.

"थांब," मी एकाएकी म्हणालो. "हे सगळं तुला त्या शुक्रवारी ठाऊक होतं?"

"होतं."

"मग 'पटलं' का म्हणालास?"

"मी 'बरं' म्हणालो होतो. 'पटलं' हे तुम्ही धरून चाललात."

"पण मग गप्प का बसलास?"

मुबीन डब्याकडे पाहू लागला.

"मी सांगितलं त्याला," आम्मा म्हणाली. "विषय काढ, आणि मग हर. म्हटलं, एकदा हा भर पंगतीत बोलून बसला की मीकातनंतर तोंड उघडायचा नाही. तेवढा रस्ता मला पुरे."

"विषय मी शोधला," तसनीम म्हणाली.

मी सफुराकडे वळलो. जगात निदान एक निरुपद्रवी माणूस असेल असे मला वाटत होते.

"मासळी मी मागवली," सफुरा म्हणाली. "नाही तर तुम्ही त्याला घरातच घेतलं नसतं."

मी चौघांकडे आळीपाळीने पाहिले. रागवायला आता कोणतीही बंदी नव्हती, आणि राग येत नव्हता.

"भाई, आता तुम्हीच ठरवा," तसनीम म्हणाली. गणित शिकवताना फळ्यासमोर उभी राहते तशी ती उभी होती. "त्या शुक्रवारी तुमचं बरोबर असेल तर आज रस्त्यात गप्प बसलात ते योग्यच झालं, मग जे ऐकलंत ते ऐकलंत. आणि मुबीनचं बरोबर असेल तर तुमचा शेवटचा आक्षेप गेला. मत नाही म्हणत होतात ना? हे बघा मत."

मी दोन्ही वाटा तपासून पाहिल्या. दोन्ही एकाच दाराशी जात होत्या, आणि या वेळी दाराच्या उंचीबद्दल मला काही म्हणायचे नव्हते.

"संध्याकाळी चहाच्या वेळी फोन करशील?" मी विचारले. मला तसनीमला विचारायचे होते. पण मी बघत होतो मुबीनकडे.

"तुम्ही उचलणार असाल तर," मुबीन म्हणाला. "अराफातचा मुद्दा अजून राहिलाय."

"राहिलेला नाही, तो मी मघाशीच निकालात काढला."

"कुठे काढलात? विधीचा भाग म्हणालात आणि पुढे गेलात."

तसनीमने तोंडावर ओढणी घेतली आणि ती खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. आम्मा तिच्या पाठीवर हात फिरवू लागली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हो म्हणालास ना? नीट म्हण. आता एहराम नाही. चालतं."

"हो," मी म्हणालो. "वली या नात्याने, पूर्ण शुद्धीत, हो. याच महिन्यात निकाह लावू. मात्र अदब आणि हुकूम यांच्या बाबतीत माझं म्हणणं मूलतः असं होतं की—"

"मूलतः नव्हतं," मुबीन म्हणाला.

"तू मला मूलतः शिकवू नकोस. आम्मा, तूच सांग, कोणाचं बरोबर?"

आम्माने हात झटकले. तसनीम भावी नवऱ्याच्या बाजूने बोलेल म्हणून तिला मी विचारणार नव्हतो. तेव्हा एवढ्या वर्षांच्या संसारात ज्या व्यक्तीने माझ्या एकाही वादात कधी निकाल दिला नव्हता, ती डब्यांची झाकणे एकेक करून उघडीत, भाताला बोट लावून पाहत, शांतपणे म्हणाली:

"तुम्ही हरलात. आता जेवा."